सोळाव्या वर्षी आईवडिलांपासून कायद्यानं वेगळं होता येतं का?

तू जे विचारलंयस ते आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुलाही बघता येईल. तू अकरावीला आहेस, सोळा पूर्ण, कोल्हापुरात राहतेस. वडील पिऊन आले की पट्ट्यानं मारतात, आई मधे पडली की तिलाही बसतो. तू कुठंतरी वाचलंस की अमेरिकेत मुलं कोर्टात अर्ज करून 'इमॅन्सिपेशन' घेतात आणि अठराच्या आधीच कायद्यानं मोठी होतात, मग आईबापाची सत्ता संपते. तसं आपल्याकडं आहे का, आणि नसेल तर मैत्रिणीकडं निघून गेलं किंवा लग्न करून टाकलं तर सुटका होईल का, असा प्रश्न आहे. आणि शेवटी लिहिलंयस की कधीकधी सगळंच नकोसं होतं.

मी इथं बावीस वर्षं वकिली करते, जास्त करून बायकांच्या आणि मुलांच्या केसेस, मधे एक टर्म म्हणजे तीन वर्षं बाल कल्याण समितीवर सदस्य होते. त्यामुळं मूल टेबलाच्या पलीकडं बसल्यावर काय होतं ते मी बघितलंय आणि अलीकडं बसून निर्णय पण दिलेत. तुझी ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. बाकीचं सगळं नंतर वाच, पण तसं वाटेल त्या रात्री १४४१६ ला फोन लाव, टेलीमानस म्हणजे सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे ती, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं, आणि फोन केला म्हणजे कुणी लगेच घरी येऊन आईबापाला सांगत नाही.

आता सरळ उत्तर. नाही, आपल्याकडं इमॅन्सिपेशन नावाचा प्रकार कायद्यातच नाही. १८७५ चा सज्ञानतेचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, तो अजून चालतो, त्यात अठरा म्हणजे अठरा. एक दिवस कमी असला तरी कायद्याच्या भाषेत तू 'अज्ञान', सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढं अ.पा.क. लिहिलेलं असतं ना, अज्ञान पालन कर्ता, तेच ते. कुठल्याही जज्जसाहेबांना कितीही मनापासून वाटलं तरी ते तुला एक दिवस आधी सज्ञान करू शकत नाहीत.

पण इथंच वाचायचं थांबू नकोस, कारण तू वाचलेलं ते अमेरिकेचं मुळात कुणासाठी आहे ते बघ. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, कॅलिफोर्नियाचं सांगते, तिथं मूल किमान १४ वर्षांचं पाहिजे, आईबापाच्या संमतीनं आधीच वेगळं राहत पाहिजे, आणि स्वतःचे पैसे स्वतः, तेही सरळ मार्गानं कमवून, सांभाळत पाहिजे. हे सगळं आधीच जमलेलं असेल तर कोर्ट त्यावर शिक्का मारतं. आणि शिक्का बसला की आईबापानं पोसायची जबाबदारी पण संपते! म्हणजे तो कायदा आपल्या पायावर उभ्या राहिलेल्या पोरांसाठी आहे, घरात मार खाणाऱ्या अकरावीतल्या मुलीसाठी तिथंही पहिला रस्ता बालसंरक्षण खात्याचाच असतो. तुला मोकळं व्हायचंय ते मारापासून. तुझं शिक्षण, खाणं, राहणं याची जबाबदारी कुणीतरी मोठ्यानं घ्यायलाच पाहिजे, ती तू सोळाव्या वर्षी आपल्या अंगावर का घेतेस? आणि घेऊन तरी काय करशील, अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्दबातल असतो, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ठरवलंय ते आजही तसंच आहे, म्हणजे खोली भाड्यानं घ्यायचा कागदसुद्धा तुझ्या सहीनं होत नाही.

म्हणून मी नेहमी सांगते की सुरक्षित राहण्यासाठी आधी मोठं व्हावं लागत नाही. आपला कायदा उलट बाजूनं चालतो, मूल अज्ञान आहे म्हणूनच त्याला संरक्षण मागायचा हक्क आहे.

तो कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय कायदा. 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' असा शब्द आहे त्यात, आणि ज्याच्याबरोबर मूल राहतंय त्यानंच मारलं, छळलं, हयगय केली, मग तो सख्खा बाप का असेना, तर ते मूल यात बसतं. अशा मुलांसाठी जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई असायलाच लागते, आणि समितीला प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. आता महत्त्वाचं, कलम ३१ मध्ये यादी आहे की समितीपुढं मुलाला कोण कोण आणू शकतं, पोलीस, सरकारी नोकर, चाइल्डलाइन, डॉक्टर-नर्स, समाजसेवक, कुणीही भला नागरिक, आणि त्याच यादीत लिहिलंय, बालक स्वतः. तू स्वतः. वकील लागत नाही, पालकाची सही लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही.

माझ्या टर्ममधली एक मुलगी सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडं बदललंय. पावसाळ्याचे दिवस, कॉलेजचा ड्रेस भिजलेला, केएमटीच्या बसनं एकटी आली होती. बाहेरच्या बाकड्यावर दोन तास बसून राहिली, शिपायाला वाटलं कुणाबरोबर तरी आलीय. शेवटी मी पाणी प्यायला बाहेर आले तर उठून उभी राहिली आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितेय, "मॅडम, इथं फी किती असते?" दप्तरात दोन पुस्तकं, न खाल्लेला डबा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दहावीचं सर्टिफिकेट. डबा उघडला पण नव्हता. मी तिला म्हटलं आधी खा, मग बोलू, तर ती चपाती हातात धरून बोलतच राहिली, एक तास, चपाती तशीच.

फी नसते. कशालाच नसते.

आत काय होतं तेही सांगते, कारण पोरांना कोर्ट म्हटलं की पिंजरा आणि काळा कोट आठवतो. साधी खोली असते, टेबल, खुर्च्या, तुझ्याशी बोलतात, आईबाप आले तरी तुझं आधी वेगळं ऐकून घ्यायचं असतं, आणि तसं नाही केलं तर तू म्हणू शकतेस की मला त्यांच्यासमोर बोलायचं नाही. कुठल्याही मार्गानं मूल सापडलं किंवा आलं की चोवीस तासांच्या आत समितीपुढं न्यावं लागतं, समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यापुढं नेलं तरी चालतं. मग लगेच ठरवायचं असतं की आज रात्री हे मूल कुठं झोपणार. घरी धोका असेल तर घरी पाठवत नाहीत. नातेवाईक असतील, विश्वासाचे असतील तर तिकडं, नाहीतर बालगृह. त्यानंतर एक सामाजिक कार्यकर्ता किंवा परिवीक्षा अधिकारी तुझ्या घरी, शेजारी, कॉलेजात जाऊन चौकशी करतो, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल यायला पाहिजे आणि चार महिन्यांत शेवटचा आदेश. तुझं म्हणणं विचारात घेणं हे समितीवर बंधन आहे, मेहेरबानी नाही.

आता खरं पण सांगते, गोड गोड सांगून तुला पाठवायचं नाही मला. बालगृहात पहिले आठ दिवस जड जातात. मोबाईल जमा करून घेतात, वेळेवर उठायचं, वेळेवर जेवायचं, रात्री दिवे बंद झाल्यावर आईची आठवण येते, जिनं कधी वाचवलं नाही तिचीच. आणि समितीचा पहिला कल मूल कुटुंबात परत जावं असाच असतो, कायद्याचं तत्त्वच तसं आहे, संस्था हा शेवटचा उपाय. त्यामुळं बापानं येऊन रडून माफी मागितली, दारू सोडतो म्हणाला, तर काही वेळा मुलाला परत पाठवतात. माझ्याकडून सुद्धा एकदा अशी चूक झालीय, पोरगा तीन महिन्यात परत आला, हात प्लास्टरमध्ये. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगते, तुला परत जायचं नसेल तर स्पष्ट शब्दात सांग आणि ते रेकॉर्डवर लिहून घ्यायला लाव, 'मला घरी जायची भीती वाटते, कारण असं असं', आणि लिहिलेलं वाचून बघितल्याशिवाय सही करू नकोस. घरी पाठवलं तरी बालसंरक्षण कक्षाचा माणूस अधूनमधून भेट देईल असा आदेश मागता येतो.

रिमांड होमबद्दल. कोल्हापुरात अशा प्रत्येक संस्थेला लोक रिमांड होमच म्हणतात, मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलाचं नाव काढलं तरी शेजारच्या काकू कपाळाला आठ्या घालतात की पोरीनं काय केलं असेल. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह वेगळं, आणि तुझ्यासारख्या मुलांसाठी बालगृह वेगळं, दोन्हीचा कागद वेगळा, समिती वेगळी, तुझ्या नावावर कुठंही 'गुन्हा' लागत नाही. बालगृहातली मुलं बाहेरच्या शाळा-कॉलेजात जातात, आणि तुझं नाव, फोटो, कॉलेज कुठल्याही पेपरात छापणं हा गुन्हा आहे, कलम ७४.

पोलिसांकडं एकटी जाऊ नकोस असं मी सांगते, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं. एका पोलीस ठाण्यात पंधरा वर्षांचा मुलगा अंगावरचे वळ दाखवायला गेला होता, त्याला सांगितलं बाप आहे, मारणारच, आणि बापाला बोलावून 'समज देऊन' पोरगं त्याच्याच गाडीवर मागं बसवून पाठवलं. त्या रात्री त्याचं काय झालं असेल ते मला विचारू नकोस. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, कधी जायची वेळ आलीच तर त्याच शब्दात विचार, "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, मला त्यांच्याशीच बोलायचंय", हे नाव पोरानं घेतलं की समोरच्याचा सूर बदलतो, मी बघितलंय. पण त्याहून सोपा रस्ता १०९८ चा, मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे तो. मुंबईत १९९६ मध्ये ही चाइल्डलाइन सुरू झाली, आता २०२३ पासून सरकार स्वतः चालवतं आणि ११२ ला जोडलीय. त्यांना सांग तू कुठं आहेस आणि काय होतंय, समिती कुठं बसते, आज बसलीय का, तुला घ्यायला कोण येणार, सगळं तेच बघतात. आपल्या मोबाईलवरून लावलास तर कॉल लिस्टमधून काढून टाक, नाहीतर कॉलेजच्या मॅडमच्या फोनवरून लाव.

मारल्याची केस करायची का? बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच मारहाण, छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. "शिस्त लावायला मारलं" हे सगळेच बाप म्हणतात, पण पालकानं मुलाच्या भल्यासाठी केलं म्हणून जी सूट फौजदारी कायद्यात आहे ती बारा वर्षांखालच्या मुलापुरतीच आहे, आणि पट्ट्यानं मारणं कुठल्याच भल्यात बसत नाही. पण लई पोरं याच भीतीनं गप्प बसतात की बापाला जेलमध्ये टाकतील, मग घर कसं चालणार, आणि आई मलाच दोष देईल. म्हणून सांगते, संरक्षण मागणं आणि केस करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीपुढं जायला एफआयआर लागत नाही. पुढं समितीला फारच गंभीर वाटलं तर ती पोलिसांना कळवू शकते, हे पण खरं, पण तुला काय वाटतं ते तिथं सांगता येतं.

एकाच बाबतीत तसं नाही. घरातलं कुणी, वडील, काका, भाऊ, कुणीही अंगाला हात लावत असेल, तू लिहिलेलं नाहीस पण मी प्रत्येक मुलामुलीला हे विचारतेच, तर तो पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, आणि त्यात ज्याला कळलं त्यानं कळवणं सक्तीचं आहे, शिक्षक असो की डॉक्टर, नाही कळवलं तर त्याच्यावर गुन्हा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथं, बाई अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात घ्यायचा असतो, रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, मुलीची तपासणी बाई डॉक्टरच करणार, आणि कोर्टात आरोपीच्या समोर बसवायचं नाही. आपल्या सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, उपचाराला पैसे लागत नाहीत. भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, ती विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते.

आता तुझ्या डोक्यात आहेत ते दोन रस्ते. मैत्रिणीच्या घरी जायचं म्हणतेस. दोन रात्री गेलीस तर काही आभाळ कोसळत नाही, पण वडिलांनी अपहरणाची तक्रार दिली तर अठराच्या आतल्या मुलाला पालकाच्या ताब्यातून नेलं म्हणून मैत्रिणीच्या आईबापावर गुन्हा दाखल होऊ शकतो. सुप्रीम कोर्टानं १९६४ मध्येच सांगितलंय की पळवून नेणं वेगळं आणि स्वतःहून आलेल्या मुलीला सोबत राहू देणं वेगळं, पण हे सिद्ध करायला त्या माणसाला आधी पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या चकरा घालाव्या लागतात. म्हणून मैत्रिणीच्या आईला हे वाचायला दे. काकू, पोरगी रात्री तुमच्या दारात आली तर आत घ्या, जेवायला घाला, आणि त्याच वेळी १०९८ ला फोन करून कळवा, सकाळी तिच्याबरोबर समितीपुढं जा. कळवून ठेवलेलं असलं की तुम्ही मदत करणारे, लपवून ठेवलं की तुम्ही आरोपी, फरक एवढाच आहे.

आणि लग्न. पोरी, याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण हा रस्ता दाखवणारे लई असतात, कधी तो मुलगा, कधी घरचेच, "लग्न करून टाकू, बापाच्या हातून सुटेल". १९५६ चा हिंदू अज्ञानता आणि पालकत्व कायदा काढून बघितलास तर त्यात लिहिलंय की लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. म्हणजे लग्नानं तू मोकळी होत नाहीस, अ.पा.क. च्या पुढचं नाव तेवढं बदलतं. वर ते लग्न बालविवाह, त्यात ठरवणारे, लावणारे, मुलगा एकवीसचा असो की पंचवीसचा, सगळे अडकतात, आणि अठराच्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कारच धरला जातो, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं ठरवलंय. दवाखान्यात दिवस गेलेली सोळा वर्षांची मुलगी आली की डॉक्टरांना कळवावंच लागतं. आणि घरचेच जबरदस्तीनं लग्न लावत असतील तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आधी कळलं तर मॅजिस्ट्रेटकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि लग्न झालंच असेल तर मुलीला वयाच्या वीस वर्षांपर्यंत ते रद्द करून घेता येतं. ही शेवटची गोष्ट फार कमी मुलींना माहीत असते.

मग आईचं काय. तुझ्या प्रश्नात आई एका वाक्यात आली आणि गेली, पण माझ्या मते तुझ्या केसची किल्ली तिच्याकडं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आई आणि मुलगी दोघीही अर्ज करू शकतात, तुझा अर्ज तुझ्या वतीनं दुसरं कुणी मोठं करू शकतं, आणि त्यात मॅजिस्ट्रेट असा आदेश देऊ शकतात की मारणाऱ्या पुरुषानंच घराबाहेर राहायचं. तूच दप्तर उचलून का निघायचं? घर वडिलांच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क जात नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी असतो, तो मदत करतो, आणि बाईला, मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कसबा बावड्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. आई तयार होणार नाही असं तुला वाटत असेल. बऱ्याच आया पहिल्यांदा तयार नसतातच. पण मी असं पण बघितलंय की पोरगी समितीपुढं उभी राहिली त्या दिवशी आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं, बारा वर्षांत पहिल्यांदा.

ती चपातीवाली मुलगी तिच्या मावशीकडं गेली. इचलकरंजीत मावशी, तिचा नवरा यंत्रमागावर, दोन खोल्या, आपली दोन पोरं. समितीनं मावशीला विचारलं सांभाळशील का, ती म्हणाली, "चार भाकऱ्या थापते तिथं पाच थापीन." कायद्यात अशा माणसाला 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता देता येते, चौकशी करून, आणि मग मूल त्यांच्या ताब्यात असणं कायदेशीर होतं, बाप दारात येऊन ओरडला तरी मावशीला आदेश दाखवता येतो. तो आलाच होता, दोनदा. मावशीनं आदेशाची झेरॉक्स लॅमिनेट करून देवाऱ्यामागं ठेवली होती. पैशाचंही बघितलं, सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तेव्हा महिना ११०० रुपये होते, २०२३ पासून २२५० आहेत. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिना ४००० ची पण तरतूद आहे, पण त्याला निकष आहेत, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारावं लागतं आणि चकरा माराव्या लागतात. तुला अशी कोण आहे? मावशी, आत्या, आजी, मामी, वडिलांना न घाबरणारं एक माणूस आठव.

नातेवाईकाला कायमचं पालकत्व पाहिजे असेल तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात अर्ज, तिथं तुझ्या वयाच्या मुलाची इच्छा जज्ज विचारतात आणि छळ करणाऱ्याचं पालकत्व काढून घेता येतं. पण त्याला वेळ लागतो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी मी सहसा हा रस्ता सुचवत नाही, निकाल येईपर्यंत मूल अठराचं होतं. खर्चासाठी मात्र कोर्ट उपयोगी आहे, वेगळं राहिलीस तरी वडिलांकडून पोटगी मागता येते, फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, आता नव्या संहितेत १४४. आणि समितीनं दादच दिली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते, आणि फारच झालं तर हायकोर्ट, ज्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्याच गावात, सीपीआरजवळच्या जुन्या कोर्टात बसतंय.

एक रस्ता असा आहे की ज्यात कोर्ट नाही, समिती नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं आलेल्या निम्म्या पोरांना तोच उपयोगी पडला. वसतिगृह. या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, खेड्यापाड्यातली पोरं घर सोडून इथं राहून शिकली, आपल्याकडं पोरगी बोर्डिंगात राहते म्हटलं की कुणी भुवया उंचावत नाही. वडिलांना 'मला तुमच्यापासून लांब जायचंय' म्हटलंस तर भांडण होईल, 'अभ्यासासाठी हॉस्टेल बघितलंय, फी कमी आहे' म्हटलंस तर बरेच बाप होकार देतात, त्यांच्या इज्जतीला धक्का लागत नाही. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं आहेत, अर्ज ठरलेल्या मुदतीतच घेतात, कॉलेजातल्या एखाद्या विश्वासाच्या मॅडमला बरोबर घे. पण मार वाढतच चालला असेल, डोक्याला लागलं असेल, तर प्रवेशाची वाट बघत बसू नकोस, सरळ १०९८.

अठरानंतर काय हे पण डोक्यात ठेव. त्या दिवसापासून तू कुठं राहायचं ते तूच ठरवणार, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. बालगृहातून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांना एकवीसपर्यंत अनुरक्षण म्हणून मदत मिळते, राहायला आणि शिकायला, म्हणून सतरा वर्षांची पोरं म्हणतात की आता वर्षासाठी कशाला जायचं, त्यांना मी उलटं सांगते, वर्षासाठीच जा, पुढची तीन वर्षं त्यावर अवलंबून आहेत. शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, त्यावर शिकलेल्या मुली आज नोकरीत आहेत, मी ओळखते काहींना.

आता उद्याचं. दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट घरात कुठं आहे ते आज बघून ठेव, वयाच्या पुराव्यात तेच पहिलं धरतात, ते नसेल तर जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी करतात. सर्टिफिकेट, आधार, शाळेचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, बँकेचं पासबुक, सगळ्याचे फोटो काढून मैत्रिणीच्या फोनवर पाठव आणि आपल्या फोनमधून काढून टाक. अंगावर वळ असतील तर त्याचे फोटो, चेहरा आणि वळ एकाच फोटोत येईल असे, तेही तिच्याकडंच. वहीच्या मागच्या पानावर तारखा लिही, नुसत्या तारखा आणि दोन शब्द, 'पट्टा, पाठ' एवढं पुरे, वडिलांच्या हातात वही पडली तरी कळणार नाही असं लिही. लागलं असेल तर सीपीआरला जाऊन केसपेपर काढ आणि डॉक्टरांनी विचारलं तर जिन्यावरून पडले म्हणून सांगू नकोस, कसं लागलं ते सांग. आणि सर्टिफिकेट हाताला लागलं की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेव, घरी परत ठेवू नकोस.